एकाच जाजमावर : सावित्रीबाई फुले यांचे चरित्र



सावित्रीबाई फुले हे नाव आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. २०१४ साली पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. दर ३ जानेवारीला गावोगावच्या शाळांत लहान मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी ओढून त्यांच्यावर भाषणे करतात. त्या भाषणांत काय असते? भिडेवाडा असतो, अंगावर फेकलेले शेण असते, पिशवीत नेलेले दुसरे लुगडे असते. हे आपल्या लेकरांना पाठ आहे, आणि ते पाठ असावेच. परंतु त्यामुळे सावित्रीबाई म्हणजे पुण्याच्या एका शाळेतल्या बाई, एवढेच चित्र मनात पक्के बसते. मीही शाळामास्तरीण आहे, म्हणून शाळेचे महत्त्व मी कमी करणार नाही. तरीसुद्धा आज त्यांच्या आयुष्यातली दुसरी एक बाजू तुमच्यापुढे ठेवायची आहे. ही बाई खेड्यात जन्मली, पुन्हा पुन्हा खेड्यांत जाऊन राहिली, आणि बायकांना एका ठिकाणी बसवणे हे जन्मभर तिचे काम होते. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे खेड्यातली किंवा नुकतीच खेड्यातून निघालेली. म्हणून ही बाजू आपल्या जास्त कामाची आहे.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. तेथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. लिहिणे-वाचणे त्या नवऱ्याकडून शिकल्या. पुढे शिक्षिकेचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली. पुढच्याच वर्षी या कामापायी दोघांना घर सोडावे लागले आणि उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीला आल्या. १८५२ पर्यंत मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या, महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाली. मांगाची मुक्ता याच शाळेत शिकली आणि १८५५ साली तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो वर्तमानपत्रात छापला गेला. इतके सांगून शाळेचा विषय मी येथेच थांबवते.

आता १८५२ च्या जानेवारीतली गोष्ट ऐका. सावित्रीबाईंनी स्त्रियांचे एक मंडळ काढले होते, महिला सेवा मंडळ. संक्रांतीच्या निमित्ताने या मंडळाने तिळगुळाचा समारंभ ठेवला. संक्रांतीचे हळदीकुंकू पुण्यात घरोघर होत असे, त्यात नवे काय? नवे होते ते निमंत्रणात. येणाऱ्या स्त्रिया कोणत्याही जातीच्या आणि धर्माच्या असोत, त्यांच्यात भेद केला जाणार नाही, सर्वांना एकाच जाजमावर बसवले जाईल, असे त्यात स्पष्ट छापले होते. अध्यक्ष म्हणून कलेक्टरच्या पत्नी, मिसेस जोन्स यांचे नाव होते.

एकाच जाजमावर. दोनच शब्द, पण त्यांचे वजन तुम्हांला सांगायला नको. जाजम म्हणजे काय आणि त्यावर कोण बसतो, हे आपल्या आजा-पणज्यांना चांगले ठाऊक होते. चावडीत जाजम अंथरलेले असे, आणि आपला येसकर पायऱ्यांखाली उभा असे. लग्नाच्या मांडवात जाजम असे, आणि आपली माणसे मांडवाबाहेर धुळीत बसत. त्या निमंत्रणानंतर चाळीस-पन्नास वर्षे गेली, तरी याच सातारा जिल्ह्याच्या गावी शाळेत जाणाऱ्या लहानग्या भीमरावाला बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागत होते आणि वर्गाच्या कोपऱ्यात इतर मुलांपासून वेगळे बसावे लागत होते. शिपाई ते गोणपाट हातात धरायलाही तयार नव्हता. हे आठवा, आणि मग विचार करा, १८५२ च्या पुण्यात ब्राह्मणीण, माळीण, महारीण आणि मांगीण यांची मांडी एका जाजमावर लागावी असे कागदावर छापायला काय छाती लागली असेल.

कुणी विचारील, कलेक्टरची बायको अध्यक्ष कशाला हवी होती? इंग्रजांची खुशामत नव्हे काय? मला तसे वाटत नाही. ज्या शहरात मुलींना शिकवते म्हणून बाईच्या अंगावर दगड पडत होते, तेथे असल्या समारंभावर कुणी हात उचलू नये म्हणून कलेक्टरच्या घरचे नाव निमंत्रणावर असणे हे शहाणपणच होते. आपणही गावात दारूबंदीचा ठराव करायचा असला की ग्रामसेवकाला समोर बसवतो, ते काय त्याच्या प्रेमापोटी?

दुसरा प्रश्न आपल्या घरांतून येईल आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. हळदीकुंकू, वाण, व्रत हे आपण तेथेच ठेवून आलो. मग हळदीकुंकवाच्या समारंभाचे कौतुक आपण कशाला करायचे? भगिनींनो, प्रश्न बरोबर आहे. हळदीकुंकू हा रिवाज मुळात विधवेला बाहेर ठेवणारा, आणि आपण तो सोडला हे योग्यच केले. परंतु १८५२ सालच्या बाईला घराबाहेर पडायला दुसरे निमित्त कोणते होते? सभा आहे म्हटले असते तर सासूने उंबरा ओलांडू दिला नसता. तिळगूळ आहे म्हटल्यावर तीच सासू सुनेला घेऊन येणार. सावित्रीबाईंनी बायकांना ठाऊक असलेला सण घेतला आणि त्याच्या खालचे जाजम बदलले. आणि विधवेला बाहेर ठेवणारा रिवाज त्यांना सलत नसेल असे मला वाटत नाही, कारण विधवांसाठी त्यांनी पुढे जे केले ते पाहिले की शंका राहत नाही. ते आता सांगतेच. पण त्याआधी नायगावला जाऊ.

१८५६ साली सावित्रीबाई फार आजारी पडल्या आणि माहेरी, नायगावला जाऊन राहिल्या. ऑक्टोबरात तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपण पुण्यात नसल्यामुळे सगळा भार फातिमावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हेही त्यात आहे. पत्रातला मुख्य भाग मात्र भावाबद्दलचा आहे. भावाने बहिणीची शुश्रूषा मनापासून केली होती. माया होती, यात वाद नाही. पण माया असलेल्या माणसाच्या मनातही जात असते. तो म्हणाला की तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी जी कामे करता त्यामुळे तुम्हांला वाळीत टाकले ते ठीकच झाले. कुळाला बट्टा लागला. जातीच्या रूढीने चालावे, भटजी सांगेल तसे करावे. आता हा काही शत्रू नव्हे, रात्रंदिवस उशाशी बसलेला भाऊ. शत्रूला उत्तर देणे सोपे असते, उशाशी बसलेल्याला देणे अवघड. सावित्रीबाईंनी त्याला विचारले की तू गाय-बकरीला जवळ घेऊन कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारखीच माणसे असलेले महार-मांग तुला का चालत नाहीत, याचे कारण सांग. कारण त्याच्याजवळ नव्हते. आई ऐकत होती, तिचेही मन हलले आणि भाऊही शरमला.

घरातल्या घरात, आजारी माणसाच्या अंथरुणाजवळ झालेली ही सभा. व्यासपीठ नाही, हार नाहीत. आपल्या धम्माच्या कामातही अशाच सभा जास्त अवघड असतात, हे ज्या भगिनींनी सासरच्या देव्हाऱ्यातले देव उतरवताना सोसले आहे त्यांना विचारावे.

आता विधवांचे. १८६३ साली काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा पुण्यात एका घरी स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. ज्याने तिला फसवले तो नामानिराळा राहिला. मूल जन्मले, आणि लोकलाजेने तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणाऱ्याला कुणी विचारलेही नाही. फुले दांपत्याने आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि शहरात पत्रके लावली की अशा स्थितीतल्या विधवेने येथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. १८८४ पर्यंत पस्तीस जणी तेथे येऊन बाळंत झाल्या. जोतीरावांनीच ही संख्या लिहून ठेवली आहे, आणि त्यांपैकी पाचच मुले जगली हेही लिहून ठेवले आहे. पस्तीस बाळंतपणे करायला हात कुणाचे होते? जोतीरावांचे नव्हते. पाणी तापवणारी, नाळ कापणारी, रात्रीच्या रात्री जागणारी सावित्रीबाई होती. या आलेल्या बायका बहुतेक ब्राह्मणांच्या, म्हणजे ज्या वाड्यांतून शेणाचे गोळे येत होते त्याच वाड्यांतल्या. असे येथे जन्मलेले एक मूल १८७४ साली त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

१८६८ हे वर्ष फुल्यांच्या चरित्रात आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात सावित्रीबाई पुन्हा नायगावला होत्या, आणि तेथून लिहिलेले त्यांचे दुसरे पत्र आज उपलब्ध आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण मुलगा पंचांग सांगत खेडोपाडी फिरत असे. महाराची शारजा आणि तो यांचे प्रेम जमले. तिला सहा महिने झाले तेव्हा गावाला कळले. गावाने दोघांना धरले, मारहाण करत गावभर फिरवले आणि ठार करण्याची भाषा सुरू झाली. सावित्रीबाईंना हे कळताच त्या धावत गेल्या, जमावात शिरल्या. गावातली बाई, पाटलाची लेक, गर्दीत उभी राहून सांगते की यांना मारलेत तर इंग्रज सरकारचा कायदा तुम्हांला सोडणार नाही. लोक थांबले. मग एकाने शहाजोगपणे असे सुचवले की भटाच्या पोराने आणि महाराच्या पोरीने गाव सोडून जावे. त्या दोघांनीही ते कबूल केले आणि सावित्रीबाईंच्या पायांवर पडून रडू लागले. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले, आणि पत्र लिहिले ते त्यासाठीच.

ही गोष्ट वाचून आपली छाती फुगते. पण मी ती पुन्हा वाचते तेव्हा माझे लक्ष दुसरीकडे जाते. गावात त्या दिवशी इतर बायका कोठे होत्या? शारजा कुणाची तरी लेक होती. चुलीशी बसलेल्या, दाराआडून पाहणाऱ्या, पाणवठ्यावर कुजबुजणाऱ्या कितीतरी बायका त्या गावात असतील. त्यांतली एकही पुढे आली असे पत्रात नाही. त्या वाईट होत्या असे मी म्हणत नाही. एकट्या बाईची गावात हिंमत होत नाही. सावित्रीबाईंची झाली, कारण त्यांच्या मागे पुण्यातली वीस वर्षे होती. नायगावात मंडळ नव्हते, जाजम नव्हते, म्हणून तेथे एका बाईच्या धावण्यावर दोन जिवांचे, नव्हे पोटातल्यासकट तीन जिवांचे मरण अवलंबून राहिले. सावित्रीबाई त्या दिवशी पुण्यात असत्या तर?

१८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्यानंतर ही स्थिती थोडी पालटली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजी नाही, हुंडा नाही. नवरी राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची, बजूबाई निंबणकर यांची मुलगी आणि नवरा सीताराम जबाजी आल्हाट. म्हणजे नव्या पद्धतीच्या पहिल्या लग्नाला स्वतःची लेक द्यायला कोण तयार झाली, तर सावित्रीबाईंच्या संगतीतली एक आई. धर्मांतरानंतर आपल्याकडे बौद्ध पद्धतीने लग्ने लागू लागली तेव्हा गावकीने काय काय केले ते जुन्या माणसांना आठवत असेल. पुरुषांनी सभेत ठराव केले हे खरे, पण मुलीच्या आईने हो म्हटले म्हणून ते लग्न लागले.

मग आला दुष्काळ. १८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि १८७७ चा उन्हाळा लागेपर्यंत गावेच्या गावे उठली. चारा नाही म्हणून दावणीला गुरे मेली, माणसे पोराबाळांसह रस्त्याला लागली. शेतकरी सावकाराच्या कर्जात आधीच गळ्यापर्यंत बुडालेला होता. दोनच वर्षांपूर्वी, १८७५ साली, याच पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते. अशा वेळी सावित्रीबाई कोठे होत्या? पुण्यात घरी नव्हत्या. त्या जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या, सत्यशोधक समाजाच्या माणसांबरोबर दुष्काळाचे काम करत. त्यांचे तिसरे पत्र तेथूनच, २० एप्रिल १८७७ चे आहे.

त्या पत्रात त्या सांगतात की सावकार लोकांचा छळ करत होते आणि त्यावरून तंटा झाला. कलेक्टरला कळले, गोरे शिपाई आले आणि पन्नास सत्यशोधकांना धरून नेले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावणे पाठवले. एक बाई, तीही परगावची, साहेबासमोर उभी राहिली आणि भल्या माणसांवर खोटे आळ घेऊन त्यांना का धरले असा तिने त्याला उलट सवाल केला. साहेब नेक निघाला. त्याने शिपायांना दटावून माणसे सोडवली. लोकांची दैना पाहून त्याचेही मन हलले, आणि ज्वारीने भरलेल्या चार बैलगाड्या त्याने तेथे पाठवल्या. चार गाड्या ज्वारी म्हणजे दुष्काळापुढे काय? फार नव्हे. पण त्या गाड्या ज्यांच्या दारात उभ्या राहिल्या त्यांना विचारा.

त्याच उन्हाळ्यात पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालू होता. तेथे पोरांना रोज जेवू घातले जाई, आणि मे महिन्यात जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन केले. एका चुलीचे अन्न आणि एक पंगत. दुष्काळात जात कुणी पाहत नाही असे म्हणतात, ते खोटे आहे. दुष्काळातही पाहतात. मुद्दाम ठरवून पंगत एक केली तरच ती एक होते.

आता मी तुमच्या-माझ्या गावात येते.

आज खेड्यात बायकांच्या संस्थांना तोटा नाही. दहा ते वीस बायकांचा बचत गट असतो, महिन्याची ठरलेली रक्कम असते, वही असते, बँकेचे खाते असते. ज्या बाईने जन्मात सही केली नव्हती ती बँकेत जाऊन सही करते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. रेशनच्या दुकानदाराला जाब विचारणे, शाळेच्या खिचडीत काय पडते ते पाहणे, दारूचे दुकान बंद करायला बायकांचे मतदान मागणे, ही कामे गटातल्या बायकांनी केली आहेत. एकटी बाई बोलली की तिला भांडकुदळ म्हणतात. वीस जणी गेल्या की त्यांना निवेदन घेऊन आल्या म्हणतात. पण गटाची वही उघडून नावे वाचा. मी जेथे शिकवते तेथे, आणि आजूबाजूच्या गावांतही, गट आळीआळीने आहेत. वरच्या आळीचा वेगळा, बौद्धवाड्याचा वेगळा, मातंग वस्तीचा वेगळा, पारध्यांच्या पालावर तर गटच नाही. शाळेत पालकसभेला सतरंजी एकच अंथरलेली असते, पण बसताना बायका आपोआप वेगळ्या होतात आणि मध्ये हातभर जागा रिकामी राहते. ती जागा कुणी आखलेली नसते. तरी ती ओलांडून कुणी बसत नाही.

वरच्या आळीला दोष देणे सोपे आहे, आणि तो दोष खराही आहे. पण हे पाक्षिक आपल्या घरांत वाचले जाते, म्हणून आपल्या जाजमाबद्दल बोलले पाहिजे. वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन चालते. पांढऱ्या साड्या नेसून आपल्या भगिनी पौर्णिमेला वंदनेला जमतात. आपले महिला मंडळ भीमजयंतीला खीर करते. त्या जाजमावर मातंगाची बाई बसली आहे का? नवऱ्याने टाकलेली, जिच्याबद्दल वाड्यात कुजबुज आहे, ती बसली आहे का? आंतरजातीय लग्न करून आलेली सून पहिल्या ओळीत आहे की दाराशी उभी आहे? आपण दार बंद केलेले नाही, हे मला ठाऊक आहे. पण सावित्रीबाईंनी दार नुसते उघडे ठेवले नव्हते, निमंत्रण छापून घरोघर पाठवले होते. आपले निमंत्रण कोठपर्यंत जाते?

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीराव फुल्यांना गुरू मानले, हे आपण दर सभेत सांगतो. १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या मायबहिणींसमोर वेगळे भाषण केले आणि १९४२ च्या जुलैत नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद भरली, तेव्हा हजारो बायका खेड्यापाड्यांतून आल्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तेथे घटस्फोटाचा हक्क, एकाहून अधिक बायका करण्यास विरोध, कामकरी बायकांना रजा असे ठराव झाले. ही सगळी वाट त्या १८५२ च्या जाजमाकडून येते, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. दत्तक यशवंताने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात धरले आणि नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. ज्या देशात बाई स्मशानात जात नाही तेथे हे घडले. त्यानंतर घरात बसून राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. वय साठ झाले होते. पण समाजाचे काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. घरातल्या माणसाच्या काखेत गाठ आली की नातलगही दूर पळत. यशवंत तोवर डॉक्टर झाला होता. त्याला बोलावून सावित्रीबाईंनी हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, मोकळ्या रानात रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. रोग्याला आणायला गाडीवाला तयार नसे, शिवायला शेजारी तयार नसे. आणि महारवाड्यातल्या रोग्याला तर प्लेगच्या आधीपासूनच कुणी शिवत नव्हते. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरी एका मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्या तेथे गेल्या. सहासष्ट वर्षांच्या त्या बाईने ते पोर पाठीवर घेतले आणि मुंढव्यापासून मळ्यापर्यंत चालत आणले. त्यातच त्यांना स्वतःला लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊ वाजता सावित्रीबाई वारल्या.